वाडीत मिसो

कोंबू म्हणजे समुद्री शेवाळाची वाळवलेली पट्टी. रात्री थंड पाण्यात भिजवली. तिच्यावरचा पांढरा थर धुवायचा नाही, ओल्या फडक्याने नुसती धूळ टिपायची. सकाळी मंद आच, आणि उकळी फुटायच्या आत पट्टी बाहेर. राहिली तर पाणी बुळबुळीत होतं. घरात मासे शिजत नाहीत, त्यामुळे बोनिटो माशाचा कीस नाही. जपानी बौद्ध मठांतही कोंबू आणि शिताके मशरूमवरच भागवतात. गॅस बंद करून मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा, विरघळवला. उकळला तर त्याचा वास उडतो.

पाणी पिवळसर, साधं. पहिल्या घोटाला मात्र जीभ थबकली. हीच चव जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदांनी १९०८ मध्ये कोंबूतून वेगळी काढली आणि तिला उमामी म्हटलं. दोनच वर्षांनी, १९१० मध्ये, आमचे बडोद्याचे सयाजीराव महाराज जपानात होते. एवढं बारकाईने जग पाहणाऱ्या माणसाच्या ताटात ही वाटी आली असेल का, हा विचार सकाळभर सुटला नाही.

जपानात भातात चॉपस्टिक उभ्या रोवत नाहीत, कारण तसा भात मृतासाठी ठेवतात. एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घासही देत नाहीत. दहनानंतर अस्थी तशा देतात. आमच्याकडे जेवताना दक्षिणेकडे तोंड करत नाहीत. मरणाची आठवण पानापासून दूर ठेवायची ही काळजी मला फार जवळची वाटते.

आज रात्री शिताके भिजत घालणार.