उजव्या बाजूची पदकं

मेलबर्नमध्ये २५ एप्रिलला दुपारी एकपर्यंत बहुतेक दुकानं बंद असतात. कायदाच तसा आहे. एरवी फुटबॉल आणि बिअर यांच्यापुढे कशाचीच फारशी पत्रास न ठेवणारं हे शहर त्या दिवशी पहाटेच्या अंधारात, थंडीत कुडकुडत, ‘श्राइन ऑफ रिमेंबरन्स’ या युद्धस्मारकासमोर हजारोंनी उभं राहतं. हा अॅन्झॅक डे. १९१५ साली याच तारखेला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे सैनिक तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले, आठ महिने झुंजले आणि हाती काही न लागता माघारी आले. पानिपत अजून न विसरलेल्या आपल्या लोकांना पराभवाची तिथी पाळणारा देश परका वाटू नये.

“पण यात आपलं काय?” असं इथल्या मराठी घरांतून हमखास विचारलं जातं. आपलंही आहे. गॅलिपोलीत सुमारे सोळा हजार हिंदी सैनिक होते. आपला डोंगरी तोफखाना पहिल्याच दिवशी उतरला आणि उभ्या चढणींवर पाणी नि दारूगोळा पोचवायला हिंदी खेचरवाले राबले.

पहाटेची प्रार्थना संपली की दिवस चढल्यावर सेंट किल्डा रोडवरून संचलन निघतं. त्यात वयस्क माजी सैनिक असतात; कोणी काठी टेकत, कोणी चाकाच्या खुर्चीत. त्यांच्या बरोबरीनं शाळकरी पोरं, मध्यमवयीन बाया आणि नातसुनाही चालतात. त्यांच्या कोटावर आजोबा-पणजोबांची पदकं असतात, पण उजव्या बाजूला. डावी बाजू ज्यानं पदक कमावलं त्याची, उजवी घरच्यांची. एवढ्या एका नियमानं बघणाऱ्याला सगळं कळतं: ही मुलगी सैनिक नाही, पण सैनिकाच्या घरची आहे. तिनं कुणाला काही सांगायचं नाही, कुणी तिच्या हातात नारळ ठेवायचा नाही. चालणं हाच तिचा मान.

घरच्यांची आठवण इथे एका दिवसापुरती नाही. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९२३ मध्ये याच शहरात ‘लेगसी’ नावाची संस्था काढली. स्टॅन्ली सॅव्हिज हे तिच्या संस्थापकांतलं मोठं नाव. काम साधं: जे परतले नाहीत त्यांच्या बायकामुलांचं बघायचं. पोरांच्या फिया, अर्ज भरणं, आजारपणात दवाखान्यात नेणं. शंभर वर्षं उलटली तरी संस्थेचे स्वयंसेवक ही घरं सांभाळत आहेत.

म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं नाही. आजी-माजी सैनिकांच्या आत्महत्या इतक्या होत होत्या, की २०२१ मध्ये सरकारला राजआयोग नेमावा लागला. २०२४ मध्ये त्याचा अहवाल आला, तो वाचून भल्याभल्यांच्या माना खाली गेल्या. वर्षातून एक पहाट उभं राहिलं म्हणजे उरलेल्या दिवसांची फेड होत नाही, हे या शहरालाही शिकावं लागलं.

गावाकडचा, नागपूर जिल्ह्यातला माझा कुही तालुका धानाचा आणि मिरचीचा. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीसारखी घरोघरी वर्दी आमच्याकडे नाही. तरी कामठीची छावणी जवळ, तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्‌सचं केंद्र, त्यामुळे फौज आम्हाला अनोळखी नाही. २०२० च्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी आमच्याच जिल्ह्यातल्या काटोलचे भूषण सतई गुरेझमध्ये शहीद झाले, ती बातमी इथे फोनवर वाचतानाही घास उतरला नव्हता.

मान देण्यात आपण कमी पडतो, असं मला वाटत नाही. निवृत्त जवान गावी आला की उघड्या जीपमधून मिरवणूक, डीजे, रांगोळ्या, दारोदार औक्षण. २०२३ मध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ या सरकारी मोहिमेच्या वेळी गावोगाव शहिदांच्या नावांचे शिलाफलक उभे राहिले. सात डिसेंबरला ध्वजदिन निधी गोळा होतो. मात्र वीरपत्नीच्या वाट्याला यात काय येतं? नाव पुकारलं की उठायचं, शाल-श्रीफळ घ्यायचं, फोटोपुरतं थांबायचं आणि खुर्चीवर परत बसायचं. आपण तिला देतो. तिनं करण्यासारखं काही ठेवत नाही.

उजव्या बाजूचा मान आपल्याकडेही आहे. शहिदांच्या घरच्यांनी श्रद्धांजलीच्या कार्यक्रमांना त्यांची पदकं उजव्या बाजूला लावावीत, अशी मुभा आपल्या सैन्यानं काही वर्षांपूर्वीच दिली. परवानगी आहे, पदकं पेटीत आहेत. सव्वीस जानेवारीला ध्वजवंदनाआधी शिलाफलकाला फुलं वाहावीत, ती पदकं लावलेल्या घरच्यांनी वाहावीत आणि बाकीच्यांनी मागे उभं राहावं. याला निधी लागत नाही, मंत्री लागत नाही.

कुहीतल्या आमच्या शेजारच्या मावशींचे यजमान १९७१ च्या लढाईत गेले. पदकं ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली. फोनवर त्यांना हे सुचवलं.

“मी लावू? लोक म्हनतीन, म्हातारी मिरवते.”

“मिरवा ना, मावशी. इथं तर पणतू मिरवतात.”

“पोरगा सैनिक नाही, मी सैनिक नाही. मग आमी कोन?”

“म्हणून तर उजव्या बाजूला.”

जरा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग अडचण निघाली ती भलतीच: पदर घेतला की पदक झाकतं आणि लुगड्याला पिन टोचली तर ते फाटतं. मी सुचवायच्या आधी त्यांनीच तोड काढली.

“जानेवारीत सकाळी थंडीच रायते. स्वेटरवर लावीन. पन त्या भाषनवाल्याले सांगून ठेव बापू, लवकर आटप म्हना.”