कोत दु रोन आणि काळा मसाला

कुठल्या वाइनबरोबर काय खावं, याचे तक्ते इंटरनेटवर ढिगाने सापडतात. त्यांत चीज असतं, स्टेक असतो, बदकही असतं. ज्वारीची भाकरी नसते. म्हणून आमच्या झरीकडच्या ताटाचा हिशेब मी स्वतःच मांडला.

कोत दु रोन ही आग्नेय फ्रान्समधल्या रोन नदीच्या खोऱ्यातली वाइन. तिची लाल बाटली सहसा एका द्राक्षाची नसते. ग्रनाश पिकल्या फळांचा वास आणि ऊब देतं. सिरा रंग आणि मिरपुडीचा वास आणतं. मूर्वेद्र तुरटपणा देऊन सगळ्याला धरून ठेवतं. यातलं सिरा आपल्या नाशिककडे शिराज नावाने पिकतं. त्याचा मिऱ्यांसारखा वास ही नुसती उपमा नाही. रोटंडोन नावाचं एकच संयुग मिऱ्यांतही असतं आणि सिरातही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते २००८ साली दाखवून दिलं.

आता ताट. तुरटपणा येतो टॅनिनमुळे. कच्चं केळं खाल्ल्यावर जीभ जशी ओढली जाते, तसाच. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं. तोंडात मटणाचा घास असला, तर त्याचा जोर मटणावर जातो आणि वाइन मऊ लागते. मिरचीचं मात्र उलटं. मिरची ज्या नसांना डिवचते, त्यांनाच अल्कोहोलही डिवचतं. म्हणून ठेच्याबरोबर लाल वाइन नकोच, आग दुप्पट होते.

जमतं ते काळ्या मसाल्यातलं सुकं मटण. मसाला खमंग, तिखट बेताचं, सोबत भाकरी. मटण खात नसाल तर भरलं वांगं. त्यातले तीळ, शेंगदाणे आणि तेल तुरटपणा सांभाळून घेतात. बाटली ग्रनाश जास्त असलेली, तरुण, ओकच्या पिंपात फार न मुरलेली घ्या. आणि प्यायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. लाल वाइन ‘रूम टेम्परेचर’ला प्यावी म्हणतात, पण ती रूम जुन्या युरोपातली, थंडगार. परभणीच्या मे महिन्यातली नव्हे.

ही जोडी मी फक्त पुण्याच्या फ्लॅटवर जमवतो. मसाला झरीहून आईने पाठवलेला, मटण कोपऱ्यावरच्या दुकानातलं. झरीत बाटली नेत नाही. तिथे या सगळ्याला एकच शब्द आहे, दारू. त्या शब्दापायी कुणाची जमीन गेली, कुणाच्या घरात रात्री भांडी आपटली, हे आईने शेजारी राहून पाहिलंय. वाइन वेगळी असते, हे तिला पटवायला मी जात नाही. चौदा टक्के अल्कोहोल हिच्यातही आहेच. मिऱ्यांचा वास आला म्हणून आईचा अनुभव खोटा ठरत नाही.

उन्हाळ्यात मसाला कुटायला घेतला की ती फोन करून विचारते, यंदा काय कमी-जास्त करू? मी म्हणतो, मिरची कमी कर, मिरे थोडे वाढव. पुण्याला गेल्यापासून तुला तिखट सोसेना, म्हणते. मी हो म्हणतो.