चोडणच्या बांधावर

रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की चोडण बेट लागते. शनिवारी सकाळची मिस्सा आटोपून आम्ही तेथील खाजनाच्या बांधावर गेलो. पावसाळा तोंडावर आलेला. बांध चिखलाने लिंपण्यास शेतकरी मंडळी जमली होती.

खाजन म्हणजे खाडीपासून सोडवलेली, भरतीच्या पातळीहूनही सखल जमीन. बांधातील 'मानस' नामक लाकडी दरवाजाची युक्ती पाहण्यासारखी आहे. भरतीचे पाणी रेटू लागले की त्याच्या झडपा आपोआप मिटतात. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. ना यंत्र, ना पहारेकरी! पावसाने जमिनीतील मीठ धुऊन नेले की खारटपणा सोसणारा कोरगूट भात पेरावयाचा.

परंतु बांधाला खेकड्याचे एक बीळ पुरे. तेवढ्यातून खारे पाणी शिरते आणि साऱ्यांचेच पीक नासते. म्हणून पूर्वी गांवकरी बांध राखीत असे. १९६४ च्या कूळकायद्यानंतर हे काम कुळांच्या संघांकडे गेले, आणि कित्येक ठिकाणी ते कुणाचेच उरले नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाऊदातो सी' या विश्वपत्रात पृथ्वीला आपणा सर्वांचे घर म्हटले आहे. फादर त्याविषयी बोलू लागले, तोच एका वृद्धेने चिखलाची पाटी पुढे केली : "फादर, आधी हे बीळ बुजवू या."