मगावरचं इंडिया गेट

आमच्या ऑफिसात माणूस मगावरून ओळखता येतो. ऑनसाइट जाऊन आलेल्यांच्या मगावर लंडनची लाल बस असते. कंपनीच्या लोगोचा मग वापरणारा एकतर नवीन जॉइन झालेला असतो, नाहीतर नोटीस पिरियडवर असतो. आणि 'बेस्ट डॅड' वाले संध्याकाळी साडेसहानंतर जागेवर सापडत नाहीत.

माझा मग यातल्या कुठल्याच खात्यात बसत नाही. दिल्लीला ट्रेनिंगला गेलेल्या एका टीममेटने आणलेला, इंडिया गेटचा जुना कृष्णधवल फोटो छापलेला. असे मग करणं सोपं असतं म्हणे. खास शाईने कागदावर फोटो छापायचा, कोटिंग केलेल्या मगाला तो गुंडाळायचा आणि काही मिनिटं कडक तापवायचं, की शाई त्या कोटिंगमध्ये उतरते. फोटो कधीचा, कोणी काढला, याचा पत्ता मगावर कुठेच नाही.

आता तारीख नसलेली लॉग फाइल समोर आली की आपण काय करतो? आतल्या खुणांवरून वेळ काढतो. तसंच केलं. या फोटोत कमानीखाली काहीच नाही. अमर जवान ज्योती तिथे पेटली २६ जानेवारी १९७२ ला, ७१ च्या युद्धानंतर. म्हणजे फोटो त्याआधीचा. कमानीतून पलीकडे दगडी छत्री दिसते, आणि नीट पाहिलं तर छत्रीत एक पांढरा ठिपका. हा पंचम जॉर्जचा संगमरवरी पुतळा! तो बसला १९३६ मध्ये आणि हलवला १९६८ मध्ये. म्हणजे फोटो या बत्तीस वर्षांतला. डिबगिंग संपलं.

गंमत म्हणजे कमानीपुरता हा फोटो आज पुन्हा करंट झालाय. जानेवारी २०२२ मध्ये ज्योत शेजारच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाच्या ज्योतीत विलीन केली गेली, आणि उलटी रायफल आणि हेल्मेटही त्याच वर्षी तिकडे गेलं. रोलबॅकच म्हणा ना. छत्रीत मात्र सप्टेंबर २०२२ पासून नेताजी उभे आहेत आणि किंग्जवेचा राजपथ, राजपथाचा कर्तव्यपथ झालाय. ज्याची सत्ता त्याचा पुतळा, हे चालायचंच.

पण एक गोष्ट १९३१ पासून, म्हणजे इंडिया गेटचं उद्घाटन झालं तेव्हापासून, बदललेली नाही. भिंतींवरची नावं. पहिल्या महायुद्धात आणि तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्यांपैकी १३ हजारांहून जास्त नावं तिथे कोरलेली आहेत. मगावर ती दिसत नाहीत. पाच सेंटिमीटरच्या कमानीत तेरा हजार नावं कशी दिसणार? भिंतीच्या जागी नुसता करडा रंग आहे.

हे मला एवढं का टोचतं, तर माझ्या आजीचा एक चुलता 'बसऱ्याला गेला' आणि परत आला नाही. आमच्या साताऱ्याकडे जुनी माणसं मेसोपोटेमियाच्या सगळ्या लढायांना मिळून बसराच म्हणायची. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या. अन्नावाचून हाल झाले, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि पुढे कैदेत कितीतरी मेले. आजीचा चुलता यातच होता की आणखी कुठे, हे घरात कोणाला माहीत नव्हतं.

म्हटलं, शोधू. आपलं कामच ते. पण त्या आघाडीवर गेलेल्यांचं स्मारक आहे बसऱ्याला, आणि तिथे ब्रिटिशांची नावं, हिंदी अधिकाऱ्यांची नावं, पण साध्या हिंदी शिपायांची पलटणीवार नुसती संख्या. असे ३३ हजारांहून जास्त. युद्धकबरींच्या आयोगाने अशा भेदभावाबद्दल २०२१ मध्ये माफी मागितली. माफी मागितली ते बरंच झालं, पण सर्चबॉक्समध्ये टाकायला नाव तर हवं! आजी त्यांना 'दादा' म्हणायची. तिच्या जन्माआधीच ते गेलेले, म्हणजे तिनेही तो शब्द ऐकूनच उचललेला. पलटणीच्या कागदावर 'दादा' कोण लिहिणार?

एका मित्राचं म्हणणं, असल्या स्मारकाचा फोटो मगावर छापणं हाच अपमान आहे. मला नाही तसं वाटत. चहा पिताना रोज चार वेळा आठवण होते, ती वर्षातून एकदा मान झुकवण्यापेक्षा काही कमी नाही. अपमान मला त्या करड्या रंगात दिसतो, आणि तो मग छापणाऱ्याने केलेला नाही. आमच्या गावच्या देवळाच्या आवारातल्या दगडावरही तेच आहे: या गावातून लढाईला अमुक माणसं गेली, त्यातली तमुक मेली. आकडे. पोरं त्याच दगडाला स्टंप करून क्रिकेट खेळतात.

आजी आता नाही. तिची धाकटी बहीण आहे गावाला, नव्वदी गाठलेली. फोनवर तिला ऐकू येत नाही, त्यामुळे जाऊनच विचारावं लागेल. दुसऱ्या शनिवारची साताऱ्याची गाडी बुक केलीय. दादांचं पाळण्यातलं नाव तिला आठवत असेल तर वहीत लिहून घेईन. नसेल आठवत, तर दगडावरची संख्या तरी घेऊन येईन.