पोर्ट कोणासाठी?

नाशिकच्या दिंडोरी रोडवरच्या मार्केट यार्डाच्या आसपास ज्या अडतपेढ्या आहेत, त्यांतल्या काहींचे लिनक्स सर्व्हर मी सांभाळतो. त्यांचा निरोप साधारण असा असतो : ‘‘भाऊ, सॉफ्टवेअरवाला म्हणतोय ३३०६ उघडून घ्या. घरून हिशोब बघायचाय.’’

३३०६ म्हणजे मायएसक्यूएल डेटाबेसचा पोर्ट. तो उघडायला एक ओळ पुरते. माझं खरं काम त्या ओळीच्या आधीच्या बोलण्यात असतं. घरून म्हणजे कुठून? शेठ स्वतः बघणार, की पुण्याला शिकणारा मुलगा? कधीपर्यंत? उत्तरं मिळाली की बहुतेकदा ३३०६ जगासाठी उघडावाच लागत नाही. वायरगार्ड या व्हीपीएनचा एक यूडीपी पोर्ट, सहसा ५१८२०, उघडायचा आणि दोन माणसांच्या फोनवर चाव्या घालून द्यायच्या. अनोळखी चावीला वायरगार्ड उत्तरच देत नाही. बाहेरून चाचपणाऱ्याला तिथं काही आहे हेसुद्धा कळत नाही. २०२० पासून वायरगार्ड लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, तरी अजून कितीतरी डेटाबेस उघड्यावर ठेवले जातात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या डेटाबेसमध्ये शेतकऱ्यांची नावं असतात, बँक खाती असतात, कोणाची किती उचल बाकी आहे तेही असतं.

पोर्ट उघडूनही काम होत नाही, तेव्हा बाहेरून जोडून बघावं आणि नकार कसा येतो ते नीट वाचावं. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं तर पाकीट बहुधा यंत्रापर्यंत पोचलेलं असतं, फक्त त्या पोर्टवर ऐकणारं कोणी नसतं. मायएसक्यूएल नुसतं १२७.०.०.१ वर, म्हणजे स्वतःपुरतंच ऐकत असेल, तरी हेच दिसतं. बराच वेळ शांतता आणि मग ‘टाइम्ड आउट’ आलं तर वाटेत कुणीतरी पाकीट गिळतंय. कधी सर्व्हरची फायरवॉल, कधी क्लाउडवाल्याची वेगळी. फायरवॉलडी ही लिनक्सवरची फायरवॉल नकार देते तेव्हा ‘नो रूट टू होस्ट’ असंही येतं आणि नवखा माणूस केबल तपासत बसतो.

फायरवॉलडीत ‘परमनंट’ लिहिलं नाही तर नियम रीस्टार्टनंतर उरत नाही. लिहिलं आणि रीलोड दिला नाही तर आत्ता लागू होत नाही. तिथला ‘टाइमआउट’ हा पर्याय मला फार आवडतो. सॉफ्टवेअरवाल्याला तासाभरासाठी पोर्ट हवा असेल तर तासाभरापुरताच द्यावा. तो आपोआप मिटतो. कंटेनर चालवणारं डॉकर मात्र वेगळं प्रकरण. यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये पोर्ट बंद दिसत असतो, आणि डॉकरने प्रसिद्ध केलेला तोच पोर्ट बाहेरून सर्रास उघडा असतो, कारण ती रहदारी इनपुट साखळीतून न जाता फॉरवर्डमधून जाते. म्हणून यूएफडब्ल्यूच्या यादीवर मी कधी विसंबत नाही, बाहेरच्या यंत्रावरून तपासतो.

पंचवटीत, सीतागुंफेच्या इतक्या जवळ, फायरवॉल समजावताना कुणीतरी लक्ष्मणरेषेचं नाव काढतंच. वाल्मीकींच्या रामायणात ती नाही, पण लोककथेतली ती रेषा मला या कामात खरोखर उपयोगी वाटते. रावणाला ती बाहेरून ओलांडता आली नाही. भिक्षेच्या मिषाने त्याने आतल्या माणसाला बाहेर बोलावलं. आपण सगळी काळजी इनपुटची करतो आणि आउटपुट मोकळं सोडतो. आतल्या एखाद्या प्रोग्रॅमला फसवून बाहेर बोलावलं, की त्याच्या मागोमाग परत येणारी पाकिटं ‘एस्टॅब्लिश्ड’ म्हणून बिनदिक्कत आत येतात. म्हणून डेटाबेसच्या सर्व्हरला बाहेर जायलाही मी मोजकेच रस्ते ठेवतो : नावं शोधायला ५३, घड्याळ जुळवायला १२३, अपडेटसाठी ठरलेल्या पत्त्यांपुरते ८० आणि ४४३. ग्राहकाला हा उपद्व्याप वाटतो, कारण नवं काही बसवताना अडतं. अडलं की ते मला फोन करतात, आणि तो फोन आलेला मला बरा वाटतो.

नियम लिहिताना शेजारी शेरा लिहायची सोय यूएफडब्ल्यूत आणि एनएफटेबल्समध्ये आहे. मी तिथं पोर्टचं नाव लिहीत नाही. कोणासाठी आणि कधीपर्यंत, एवढंच लिहितो. दिवाळीत पेढ्यांवर वहीपूजन होतं, त्या आठवड्यात शेठला शेजारी बसवून ही यादी वाचतो. कुठल्या शेऱ्यातला माणूस नोकरी सोडून गेला हे त्यांनाच ठाऊक असतं. ते सांगतात, मी तो नियम काढतो आणि पुढची ओळ वाचतो.