धुराडं केलं का?

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीत एका फौजीच्या घरी फॉर्म भरून द्यायला गेले होते. सरकारी कागद आला की माणसे माझ्याकडे येतात. मी ऑफिसात क्लार्क, रकाने भरण्यातच माझा जन्म गेला. मुलगा लडाखला. आम्ही बसलो असतानाच त्याचा व्हिडिओ कॉल आला. आधी सासू बोलली, मग दीर, मग शेजारची दोन पोरे पडद्यात तोंड घालून गेली. शेवटी मोबाइल सुनेच्या हातात आला. तिने पदर सारखा केला आणि विचारले, "जेवलात का?" तो म्हणाला, "जेवलो." मग दोघेही गप्प. खोलीत आम्ही सात माणसे होतो. तिने मोबाइल सासूला परत दिला आणि चहाचे आधण ठेवायला उठली.

मला माझी आई आठवली.

माझे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, महार रेजिमेंटमध्ये शिपाई होते. गाव कराड तालुक्यातले. आमच्या बौद्धवाड्याला फौज नवी नव्हती. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा सुरुवातीच्या भरतीत माझे आजोबा होते. २९ जुलै १९८७ ला भारत-श्रीलंका करार झाला, आपली शांतिसेना समुद्रापलीकडे गेली, आणि तिच्यात तात्यांची पलटणही गेली. नाव शांतिसेना, पण ऑक्टोबरपासून जाफन्यात लढाईच सुरू झाली. मी तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत होते.

आई शाळेत गेलेली नव्हती, आजीही नाही. त्यामुळे तात्यांची पत्रे वाचायची मी आणि उत्तरे लिहायची तीही मीच. नवरा-बायकोच्या मनातले जे काही असेल, ते आठ वर्षांच्या पोरीच्या तोंडून आणि आजीच्या कानावरून जायचे. पत्त्यात गावाचे नाव नसे. नंबर, नाव, पलटण आणि द्वारा ५६ ए.पी.ओ. तात्यांचे पत्र ठरलेले असायचे. "सप्रेम जयभीम. पत्रास कारण की," मग आजीची तब्येत, म्हशीचे दूध, माझा अभ्यास, मनिऑर्डर पोचली का. आईचे नाव कुठेच नाही. फक्त शेवटी एक ओळ प्रत्येक पत्रात असायची : "चुलीवरचं धुराडं केलं का?"

आईला धुराचा त्रास होता. स्वयंपाक करताना डोळे लाल व्हायचे, खोकून खोकून ती बाहेर येऊन बसायची. मला त्या वयात वाटे, तात्यांना घराच्या डागडुजीची फार काळजी. आई दर वेळी सांगायची, "लिव, अजून न्हाई केलं."

८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत लढताना पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले, हे सगळे आम्हाला मागाहून कळले. तेव्हा वाड्यात एवढेच पोचले, की महार पलटणीची माणसे गेली. त्या रात्री कंदिलाशी बसून आईने मला सांगितले, "लिव, मला हितं करमत न्हाई. रजा घ्या आन या. रजा दिली न्हाई तर नोकरी सोडून या. मला पैसं नगंत." मला झोप आली होती. सकाळी लिहिते म्हटले.

सकाळी आजीने मला परड्यात गाठले. तिने सगळे ऐकले होते. "आसलं काय लिवू नगंस. वाचून पोराचं चित थाऱ्यावर ऱ्हाईल व्हय?" आजीला दुष्ट म्हणू नका. तिनेही एकदा मास्तरांकडून असेच पत्र लिहवून घेतले होते. ते वाचून आजोबा रजा नसताना घरी आले होते, आणि परत गेल्यावर अठ्ठावीस दिवस कोठडीत बसले होते. फौजेत रजा कागदावर असते. हातात पडते तेव्हा खरी, हे आजी अनुभवाने शिकली होती. मी लिहिले : "आम्ही सर्व खुशाल आहोत. आमची काळजी करू नये." आईने भाताच्या शिताने पत्र चिकटवले आणि स्वतः पेटीत टाकून आली.

महिन्याने उत्तर आले. म्हैस, अभ्यास, धुराडे. आई म्हणाली, "अजून काय लिवलंय?" काही नाही, म्हटले. "परत बघ." मी पाठपोट दाखवले. तिने पत्र घडी करून फळीवर ठेवले आणि पुढचे आठ दिवस तात्यांचा विषयच काढला नाही. तिला वाटले, एवढे सांगूनही माणसाने एका शब्दाने विचारले नाही. शेवटी ओढ्यावर धुणे धुताना मी रडत रडत खरे सांगितले. मार बसेल म्हणून मान खाली घातली होती. ती म्हणाली, "आत्यांनी सांगितलं व्हय? बरं." आणि धुणे पिळत राहिली.

त्या रात्री सगळे झोपल्यावर तिने माझी पाटी मागितली.

"मला समदी बाराखडी नगं. लागत्यात तेवढीच अक्षरं शिकीव." ती मला सुटे सुटे शब्द विचारायची. आज एक, चार दिवसांनी दुसरा, मधेच एखादा उगीचच. वाक्य मला जुळवता येऊ नये म्हणून. दोन-अडीच महिने असे गेले. मग एका पत्राच्या खालची जागा तिने कोरी ठेवायला लावली, माझ्याकडे पाठ करून बराच वेळ काही लिहिले आणि लगेच चिकटवून टाकले.

त्याचे उत्तर आले ते निराळेच होते. वर नेहमीचा मजकूर, मग एक आडवी रेघ आणि तिच्याखाली पहिलीच्या पुस्तकासारखी मोठी, सुटी सुटी अक्षरे. जाफन्यात, हाताशी बंदूक ठेवून बसलेल्या माणसाने आईला लावून वाचता यावे म्हणून एकेक अक्षर कोरले होते. आईने त्यावर तळवा ठेवला. "हे तू वाचू नगंस." ती चुलीमागे जाऊन बसली. ओठ हलत होते. अख्खी संध्याकाळ गेली. आजीने बघितले, बोलली काहीच नाही. त्या दिवशी भाकरी आजीने थापल्या.

तात्या १९८९ मध्ये रजेवर आले. रात्रीच्या पहाऱ्यावर आपण मद्रासपासूनची स्टेशने म्हणत होतो, असे त्यांनी मला नंतर सांगितले : अरक्कोणम, गुंतकल, रायचूर, वाडी, सोलापूर, दौंड, पुणे. पुढे स्वारगेटहून एस.टी., सातारा, कराड. तिथून घराच्या उंबऱ्यापर्यंत पावले मोजायचे, आणि चुकले की पुन्हा मद्रासपासून. लढाईचे ते कधी बोलले नाहीत. संघमित्रेने नेलेला बोधिवृक्ष अनुराधापूरला आहे, असे वाड्यात सर्वांनी ऐकलेले. आईने हौसेने विचारले, "बुद्धाच्या देशात गेला, काय बघितलं?" तात्या म्हणाले, "रस्ता." सुरुंगांमुळे मान वर करायची सोय नव्हती.

मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली. सुमारे बाराशे जवान आलेच नाहीत. त्यांच्या घरी अर्धवट शिकलेल्या पाट्या असतील की नाही, कोण जाणे.

त्या रजेत तात्यांनी पहिल्याच आठवड्यात कौले काढून धुराडे केले. पुष्कळ वर्षांनी मी आईला म्हटले, गवंडी तर गावातच होता, दोन वर्षे धूर का खात बसलीस? ती हसली. "केलं आसतं तर त्येंनी इचारलं काय आसतं?"

तात्या २०१९ मध्ये गेले. त्यांच्या काळ्या ट्रंकेत माझ्या वेड्यावाकड्या अक्षरातली सगळी पत्रे निघाली. आईने लिहिलेले तेही होते, घड्यांवर झिजलेले. मी उघडायला गेले तर आईने हात पुढे केला. "ते माझं हाय." मी दिले. तिने चष्मा मागितला आणि खिडकीपाशी जाऊन बसली.

परवा त्या फौजीच्या घरी पुन्हा जाणे झाले. फोन वाजला, सगळे गोळा झाले. दोन शब्द झाल्यावर मी सासूबाईंना म्हटले, "तुमच्या आधारकार्डाची झेरॉक्स राहिलीय, चला बघू माझ्याबरोबर." दिरालाही घेतले, पोरांनाही. मोबाइल सुनेकडे ठेवला आणि निघताना दार ओढून घेतले.