हयातीचा दाखला

पेन्शनर मनुष्यास वर्षांतून एकदां आपण जिवंत असल्याचें सिद्ध करावें लागतें. नोव्हेंबर महिना त्यासाठींच राखून ठेवलेला असतो. पूर्वीं बँकेंत साहेबांपुढें जाऊन उभें राहिलें म्हणजे भागत असे. २०१४ सालीं ‘जीवन प्रमाण’ योजना निघाल्यापासून हा दाखला अंगठ्याच्या ठशानें घरच्या संगणकावरून देतां येतो. गुडघ्यांनीं असहकार पुकारल्यामुळें गिरगांवांतील आमचा तिसरा मजला उतरणें आम्हांस जड जातें. तेव्हां ही सोय आम्हांस वरदानच वाटे.

पण मुदतीस चारच दिवस उरले असतां आमच्या जुन्या संगणकानें घात केला. कोणतेंही संकेतस्थळ उघडावें, तों ‘जोडणी सुरक्षित नाहीं’ असा इशारा! आम्हीं तारा हालवून पाहिल्या, यंत्र दहादां बंद-चालू केलें. अखेर एका कारागिरास बोलाविलें. त्यानें ‘मदरबोर्ड गेला, नवें यंत्र घ्या’ असा निकाल दिला. दाखला चुकला तर पेन्शन अडणार, आणि आमचीं औषधें तर तिच्यावरच चालतात! ती रात्र आम्हीं तळमळत काढली.

सकाळीं आमची मंडळी चहा घेऊन आली व पडद्याच्या कोपऱ्याकडे पाहून म्हणाली, “अहो, भिंतीवर कालनिर्णयांत नोव्हेंबर चाललाय, आणि तुमच्या ह्या पेटींत १ जानेवारी २००९ कशी?”

आम्ही चपापलों. दादरच्या नातीस फोन केला, तेव्हां उलगडा झाला. प्रत्येक संकेतस्थळ आपल्या ओळखीचें एक प्रमाणपत्र बाळगतें व त्यावर आरंभाची आणि अंताची तारीख असते. २००९ सालांत वावरणाऱ्या यंत्रास आजचीं प्रमाणपत्रें अद्याप जन्मासच आलेलीं नव्हतीं! म्हणजे आमच्या दाखल्याआधीं संकेतस्थळाचाच दाखला नामंजूर होत होता. आम्हीं हातानें तारीख सुधारली मात्र, दार उघडलें. त्याच दिवशीं आम्ही सरकारदरबारीं जिवंत ठरलों.

दोष होता तो मदरबोर्डावरील रुपयाएवढ्या एका सेलचा. वीज बंद असतां यंत्राचें घड्याळ त्यावर चालतें. काटकसरीनें आम्ही रोज रात्रीं भिंतीवरचें बटण बंद करीत असूं. त्यामुळें सारा भार त्या बिचाऱ्यावर पडे. ‘सीआर २०३२’ हें त्याचें नांव, म्हणजे व्यास २० मिलिमीटर व जाडी ३.२. नातीनें तो लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे आजच्या डॉ. भडकमकर मार्गावरून, किरकोळ किंमतींत आणला. प्लग काढून, जुना बसला होता त्याच बाजूनें बसविला, आणि तारीख पुन्हां लावून दिली.

तेव्हांपासून यंत्रावर आम्हीं एक चिठी चिकटविली आहे: प्रथम तारीख पाहावी, मग प्लग व तारा, मग यंत्र मिनिटभर पूर्ण बंद ठेवून पुन्हां लावावें, तरीही भागलें नाहीं तर पडद्यावरील शब्द जसेच्या तसे उतरून घेऊन मगच कारागिरास बोलवावें. आणि महत्त्वाच्या कागदांची दुसरी प्रत अन्यत्र ठेवावी, ती मात्र आजच!

त्या यंत्रावर रागावण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. आपलें घड्याळ मागें पडलें असतां साऱ्या जगालाच खोटें ठरविण्याची संवय आमच्या वयाच्या माणसांसही असते. अशा वेळीं भिंतीवरील कालनिर्णयाकडे बोट दाखविणारें कोणी घरांत असावें, एवढेंच.